नागोयाहून महाडला

महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत गौरी-गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी बेंजो लांबूनच ऐकू येतो. ढोलकीचा ठेका आधी पोचतो आणि त्यावर स्वार झालेली बेंजोची टणटणीत तार मागोमाग येते. विसर्जन असो, हळद असो, शिमग्याची पालखी असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, बेंजोवाले आले की माणसं घराबाहेर पडतात. मुंबईहून आलेला चाकरमानी आणि जन्मभर गावातच राहिलेले आजोबा या दोघांनाही हे वाद्य आपलं वाटतं. ते आपलं आहेच. पण त्याचा जन्म सह्याद्रीच्या या अंगाला झाला नाही आणि त्या अंगालाही नाही. तो जपानात, नागोया शहरात, 1912 साली झाला. बाहेरून आलेलं वाद्य एखाद्या मुलखाचं होतं म्हणजे नेमकं काय होतं, एवढा एकच प्रश्न मला इथे सावकाश उलगडून पाहायचा आहे.

आधी वाद्याकडेच नीट पाहू. मिरवणुकीत ते दिसत नाही, कारण ते टेम्पोत किंवा हातगाडीवर ठेवलेलं असतं, नाहीतर वाजवणाऱ्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं असतं आणि भोवती गर्दी असते. एखाद्या रिकाम्या दुपारी बेंजोवाल्याच्या घरी बसून पाहावं. लांबट लाकडी पेटी असते. तिच्यावर धातूच्या तारा ताणलेल्या असतात. त्यातल्या काही चाल वाजवायच्या, काही नुसत्या मागे घुमत राहायच्या. तारांखाली सतारीसारखे पडदे आहेत, पण ते पेटीला पक्के बसवलेले, सरकवता न येणारे. तारांच्या वर गोल बटणांची रांग. बटण दाबलं की त्याच्याखालची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते, तार तेवढी आखूड होते आणि सूर चढतो. बोट उचललं की स्प्रिंग बटणाला वर आणते. उजव्या हातातली नखी तारा छेडते. तारेचा आवाज क्षणात विझतो, म्हणून सूर लांबवायचा असेल तर नखी भराभर मागे-पुढे चालवावी लागते आणि त्यातूनच बेंजोचा तो थरथरता, धावता आवाज तयार होतो. अलीकडे पेटीत पिकअप बसवून वायर अँप्लिफायरला जोडलेली असते. अमेरिकेतल्या चामड्याच्या बँजोशी याचं नातं फक्त नावापुरतं आहे. आपल्याकडच्या वाद्यांच्या दुकानात याला बुलबुल तरंग म्हणतात.

ही बटणं पाहून जुन्या माणसांना टाइपरायटर आठवतो, आणि ती आठवण खरी आहे. नागोयाचा मोरिता गोरो हा ‘निगेनकिन’ नावाचं दोन तारांचं जपानी वाद्य वाजवणारा माणूस. पाश्चात्त्य देशांत जाऊन आलेला. टाइपरायटरची बटणं पाहून त्याला सुचलं की तारेवर बोट कुठे ठेवायचं हे शिकण्यात वर्षं जातात, ते काम बटणाकडे दिलं तर? जुन्या तारवाद्यावर त्याने नव्या यंत्राची बटणं बसवली आणि बटणांवर आकडे घातले. त्याच वर्षी, 30 जुलै 1912 ला, जपानचे मेइजी सम्राट वारले आणि तैशो पर्व सुरू झालं. नव्या पर्वाचं नाव नव्या वाद्याला मिळालं: तैशोगोतो. ज्याला गुरू परवडत नव्हता, ज्याच्या घरात कोतो हे मोठं जपानी तारवाद्य ठेवायला जागा नव्हती, अशा सामान्य माणसाच्या घरी ते गेलं. आकडे वाचता आले की चाल वाजू लागायची.

ते इकडे आलं व्यापाराच्या वाटेनं. 1893 साली जमशेदजी टाटांच्या पुढाकारानं निप्पॉन यूसेन कायशा या जपानी कंपनीने कोबे-मुंबई बोटींचा मार्ग सुरू केला. मुंबईहून कापूस भरून बोटी जपानला जात, ओसाकाच्या गिरण्यांत त्याचं सूत होई. पुढच्या काही दशकांत जपानी कापड, काचसामान, खेळणी, छत्र्या असा स्वस्त माल हिंदुस्थानच्या बाजारात भरून राहिला. तैशोगोतो हे त्याच जमान्याचं, त्याच किमतीचं वाद्य. मुंबईच्या बंदरात ते पोचलं तेव्हा त्या बंदराच्या आसपास, लालबाग-परळच्या चाळींत, गिरण्यांच्या खोल्यांत कोण राहत होतं? महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, मंडणगडहून पोट भरायला आलेला गडी. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्याकडे भजनाचे टाळ होते, ढोलकी होती, तोंडपाठ शेकडो गाणी होती. पेटी, म्हणजे हार्मोनियम, महाग. हे नवं बटणांचं वाद्य मात्र पगारातून घेता येण्यासारखं आणि गावी जाताना काखेत मारून नेण्यासारखं होतं.

हेच वाद्य इतर किनाऱ्यांनाही लागलं. बलुचिस्तानात मकरानच्या बाजूला त्याचा आकार वाढला, नाव ‘बेंजू’ झालं आणि बलुची गाण्यांचं ते एक मुख्य वाद्य बनलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तारब संगीतातही ते शिरलं. मूळ जपानात मात्र आज तैशोगोतो वाजवणारे बहुतेक वयस्कर लोक आहेत. सभागृहात रांगेने बसून, समोर आकड्यांची वही ठेवून, उंच-खालच्या सुरांची निरनिराळी तैशोगोतो घेऊन ते समूहवादन करतात. त्या शांत रांगेतल्या कुणाला महाडच्या बाजारपेठेतली विसर्जनाची मिरवणूक दाखवली तर आपलंच वाद्य त्याला ओळखू येईल का, हा विचार मनात येतो. पेटी तीच, बटणं तीच, तारा त्याच. काम मात्र साफ वेगळं.

ते काम काय, हे कळायला जाखडी पाहावी लागते. बाल्या नाच म्हणून मुंबईकरांना माहीत असलेला हा आपला नाच. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात आणि त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. आधी गण, मग गवळण, मग शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब. रात्र संपते, सवाल संपत नाहीत. दरवर्षी शाहीर नवी गाणी बांधतो. त्यात पुराणातलं कोडं असतं, गावचं राजकारण असतं, मुंबईची महागाई असते. मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षं याच मंडळींचे प्रयोग झाले आणि तिकडचे नवे वारे त्याच वाटेने गावात आले. सिनेमाच्या चाली आल्या, बेंजो आला, मग कीबोर्ड आला.

आता पाहा, या फेरात बेंजोवाला काय करतो. त्याची नजर बटणांवर नसते. ती नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. ढोलकीवाला हात बदलतो, पावलं दुडकी होतात, तसा बेंजो पळू लागतो. एखादा म्हातारा नाच्या दमला की लय किंचित उतरते, कुणी सांगावं लागत नाही. शाहिराला पुढची ओळ आठवेपर्यंत बेंजोवाला तोच तुकडा फिरवत राहतो. पालखी एखाद्या घरासमोर थांबली की तो थांबतो, घरची बाई ओवाळून होईपर्यंत नुसती तार छेडत राहतो आणि पालखी उचलली की पुन्हा उठवतो. नागोयात बसवलेली बटणं इथे समोरच्या माणसांच्या पावलांच्या ताब्यात आहेत. माझ्या मते वाद्य आपलं होतं ते इथे. ते कुठे घडलं यापेक्षा वाजवताना ते कुणाचं ऐकतं, यावर ते कुणाचं हे ठरतं.

यावर कुणी म्हणेल, बेंजो हा परका, हे सोडा; आपली अस्सल वाद्यं वेगळी आहेत. सनई आहे, नगारा आहे, शाहिराचा डफ आहे. खालूबाजा आहे, ज्याच्या ढोल-टिमकी-सनईशिवाय या भागातलं लग्न किंवा पालखी पूर्वी हलत नसे. हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

त्यासाठी रायगडावर जाऊ. किल्ला महाड तालुक्यातच आहे. राजसभेच्या समोर आजही उंच उभा असलेला दरवाजा नगारखान्याचा. 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाची जागा ती. मराठी माणसाच्या मनात याहून आपली अशी दुसरी वास्तू नाही. त्या नगारखान्याच्या नावातलाच नगारा पश्चिम आशियातून, सुलतानांच्या आणि बादशहांच्या नौबतीबरोबर या देशात आला. सनईचं कूळ इराणी सुरण्याशी जोडलेलं आहे. डफ अरबस्तानापासून इकडे सगळीकडे वाजतो. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांवर तुळशीदास शाहिराने पोवाडा रचला, तो डफ-तुणतुण्यावरच गायला गेला आणि त्यात काही परकं आहे असं साडेतीनशे वर्षांत कुणाला वाटलं नाही. वाटायचं कारणही नाही. शिवाजी महाराजांच्या राजसभेसमोर नगारा झडला, त्या दिवशी तो मराठ्यांचा होताच. हे सगळं मी त्या वाद्यांचं मोल कमी करायला सांगत नाही. बेंजोला शंभर वर्षं झाली आणि नगाऱ्याला काही शतकं झाली, फरक तेवढाच आहे.

जपानचं संगीतही असंच आहे, आणि म्हणून हा विषय समजायला जपानचा फार उपयोग होतो. जपानी म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी वाद्यं घ्या. बिवा हे वीणेसारखं वाद्य इराणातून चीनमार्गे गेलेलं. कोतो चीनचा. शामिसेनच्या तीन तारा सोळाव्या शतकात चीनहून र्‍युक्यू बेटांवरून जपानात उतरल्या. दरबारी गागाकू संगीताचा मोठा भाग तांग राजांच्या चीनकडून आला आणि चीनमध्ये तो लोपल्यावरही जपानच्या राजवाड्यात वाजत राहिला. त्यात आपलाही एक धागा आहे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 साली जपानात पोचला. 752 साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली, तो विधी त्याच्या हातून झाला. त्याच्याबरोबर गेलेल्या, आजच्या व्हिएतनामच्या बाजूच्या एका भिक्षूने तिकडचे नाच आणि संगीत जपानला शिकवले. ते सगळं आज शुद्ध जपानी मानलं जातं, आणि योग्यच आहे.

हजार वर्षं जपानने असं बाहेरचं घेतलं ते सावकाश, वाजवणाऱ्यांच्या हातांतून. 1868 च्या मेइजी सत्तांतरानंतर मात्र गोष्ट बदलली. युरोप-अमेरिकेच्या बरोबरीला यायचं म्हणून सरकारने पलटणी, कारखाने, शाळा यांच्याबरोबर संगीतही आयात करायचं ठरवलं. 1869 मध्ये योकोहामात जॉन फेंटन या ब्रिटिश बँडमास्तरने सात्सुमा प्रांतातल्या तरुणांना बॅंड शिकवायला सुरुवात केली. हे आपल्याला ओळखीचं आहे. आपल्याकडेही क्लॅरिनेट, ट्रंपेट आले ते पलटणींच्या बॅंडमधून, आणि फौजी आंबवड्यासारखं गाव ज्या तालुक्यात आहे तिथे पलटण म्हणजे घरचीच गोष्ट. पण जपानने पुढे जे केलं ते आपण केलं नाही. त्यांनी पाश्चात्त्य सूर सगळ्या देशाच्या मुलांच्या गळ्यात उतरवायचे ठरवले.

हे काम इसावा शूजी नावाच्या माणसावर आलं. 1875 साली सरकारने त्याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला अध्यापनशास्त्र शिकायला पाठवलं होतं. इतर विषयांत हुशार असलेला हा विद्यार्थी गाण्याच्या तासाला अडायचा. पाश्चात्त्य सप्तकातले काही सूर त्याच्या गळ्यातून निघत नव्हते, कारण लहानपणापासून कानावर पडलेल्या गाण्यांत ते तसे नव्हतेच. मुख्याध्यापकांनी गाण्यातून सूट देऊ केली. त्याला ती अपमानासारखी वाटली, त्याने ती नाकारली आणि ल्यूथर मेसन या संगीतशिक्षकाकडे जाऊन तो सूर घोटत बसला. 1879 मध्ये सरकारने संगीताच्या चौकशीसाठी खातं काढलं, इसावा त्याचा प्रमुख झाला आणि 1880 मध्ये त्याने मेसनलाच जपानला बोलावून घेतलं. 1881 पासून शाळेच्या गाण्यांची पुस्तकं तयार झाली. त्यात स्कॉटलंडच्या चाली होत्या, जर्मनीच्या होत्या, शब्द मात्र जपानी. शाळेच्या निरोप समारंभात तिथे गायलं जाणारं गाणं स्कॉटिश चालीवरचं आहे.

इथे एक गोष्ट मराठी कानाला लगेच कळेल. ज्या चाली जपानी मुलांच्या तोंडी पटकन बसल्या त्या बहुतेक मध्यम आणि निषाद वगळलेल्या होत्या: सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपल्या भूपाचे पाच सूर. इसावा ज्या सुरांवर अडला होता, तेच सूर देशाने गाळले. पुढे जपानी संगीतकारांनी याच पाच सुरांचा रस्ता केला. नाकायामा शिंपेईने 1914 मध्ये एका नाटकासाठी केलेलं गाणं साऱ्या जपानभर गेलं. साथ पाश्चात्त्य, चाल त्या पाच सुरांची. म्हणजे सरकारी हुकमानेसुद्धा लोकांचा कान पूर्ण वळला नाही. पुस्तकात सात सूर छापले तरी गळ्याने पाचच पसंत केले.

याच काळातली एक हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हामामात्सु गावच्या शाळेत परदेशातून आणलेला ऑर्गन 1887 मध्ये बिघडला. दुरुस्तीला यामाहा तोराकुसु नावाचा एक कारागीर आला, वैद्यकीय उपकरणं आणि घड्याळं दुरुस्त करणारा. त्याने तो उघडला, आतली रचना उतरवून घेतली आणि आपण असा करू शकू असं ठरवलं. कावाई किसाबुरो या सोबत्याबरोबर त्याने पहिला ऑर्गन बनवला, पण तो बरा की वाईट हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. मग पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणतात, तसा तो ऑर्गन बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर घेतला आणि हाकोने घाट ओलांडून तोक्योला नेला. परीक्षा इसावा शूजीपुढे झाली. निकाल लागला की बांधणी चांगली आहे, सूर मात्र चुकले आहेत. यामाहा तिथेच राहिला, सूर लावण्याचं शास्त्र शिकला, परत जाऊन त्याने दुसरा ऑर्गन केला आणि तो पसंत पडला. आज शहराशहरातल्या संगीतवर्गांत ज्या नावाचे कीबोर्ड दिसतात ते नाव या माणसाचं.

जपानची ही दुसरी लाट आपल्याकडे 1980 नंतर आली. कॅसिओने 1980 मध्ये पहिला कीबोर्ड काढला. ओसाकात 1972 मध्ये सुरू झालेल्या रोलंड कंपनीने 1985 मध्ये ऑक्टोपॅड आणला. आठ रबरी चौकोन, काठीने वाजवायचे आणि पाहिजे तो ताल-आवाज काढायचा. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी तो उचलला, तिथून तो बेंजो पार्टीत आला. आज एखाद्या पार्टीकडे पाहिलं तर बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड अशी तिन्ही जपानी कुळाची वाद्यं एका टेम्पोत असतात आणि त्यांच्याबरोबर ढोलकी, ताशा. भीमजयंतीला तीच पार्टी चवदार तळ्याच्या शहरात भीमगीतं वाजवते, जिथे 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला. महाशिवरात्रीच्या सुमारास विरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या महाडात उतरतात, तेव्हा शहराला आणखी वेगळाच ताल चढतो. समाज वेगळे, देव वेगळे, गाणी वेगळी, पण वाद्यांची गर्दी एकमेकांत मिसळलेली.

मग काहीच हरवलं नाही का? हरवलं. ते लपवण्यात अर्थ नाही. बटण म्हणजे ठरलेला सूर. सतारीवर तार ओढून दोन सुरांच्या मधल्या जागेत जाता येतं, सनईवाला फुंक आणि बोटं यांनी सूर वाकवतो, तसं बटणाला जमत नाही. हार्मोनियमवरचा मोठा वाद हाच होता, आणि याच कारणावरून 1940 पासून तीन दशकं आकाशवाणीने हार्मोनियमला दाराबाहेर ठेवलं. या प्रश्नावर जपानी आणि मराठी माणसांनी जवळजवळ एकाच काळात, एकमेकांना न ओळखता, डोकं चालवलं आहे. तानाका शोहेई हा जपानी विद्यार्थी बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ या थोर शास्त्रज्ञाकडे शिकला आणि 1890 च्या सुमारास त्याने एका सप्तकात जास्त पट्ट्या घालून शुद्ध सूर देणारा हार्मोनियम बनवला. इकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटी विलायतेत बनवून घेतली. दोन्ही पेट्या म्हणजे बुद्धीची मोठी कमाई होती. दोन्ही लोकांच्या हातात गेल्या नाहीत. माणसांनी बारा पट्ट्यांची साधी पेटीच घेतली आणि काळी दोन, पांढरी चार म्हणत तिच्यावर गाऊ लागली.

कारण मधले सूर गळ्यात शिल्लक होते. पेटी खाली सरळ वाजते आणि बुवा वर मुरकी घेतो. जपानच्या एन्का गाण्यांत हेच आहे. गिटार, व्हायोलिन, सॅक्सोफोन सगळं पाश्चात्त्य, पण गायकाचा गळा जुन्या जपानी ढंगाने थरथरतो, आणि ती थरथर काढली तर एन्का उरत नाही. जाखडीतल्या शाहिराचं ऐका. बेंजो भराभर ठरलेले सूर टाकतो आणि शाहीर त्या सुरांच्या मधल्या फटींतून आपली हाळी देतो. बेंजोने जे सोडलं ते गळ्याने धरून ठेवलं आहे. म्हणून मला बेंजोची भीती वाटत नाही. गाणारा गळा थांबला तर काय, याची वाटते.

खरा धोका डीजेच्या भिंतींचा आहे. तिथे वाजवणाराच नसतो. आधी भरून ठेवलेला ठेका सुटतो तो सुटतोच. पालखी थांबली, म्हातारा दमला, ओवाळणी लांबली, त्याला काही कळत नाही. वर मी म्हटलं की वाद्य कुणाचं ऐकतं यावर ते कुणाचं हे ठरतं. डीजे कुणाचंच ऐकत नाही. बेंजो जपानचा असून आपला झाला आणि डीजेवर मराठी गाणं वाजलं तरी ते मिरवणुकीचं होत नाही, ते यामुळे. जपानात ऑगस्टमध्ये बॉन सण येतो. पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा, शहरातली माणसं झुंडीने गावी जातात, मैदानात मचाण उभारून त्याच्याभोवती फेर धरून नाचतात. गणपतीला गावी निघणाऱ्या चाकरमान्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. 1933 चं ‘तोक्यो ओंदो’ तिथे अजून लावलं जातं, पुष्कळदा रेकॉर्डवरच. पण मचाणावर एक माणूस खराखुरा ढोल बडवत असतो, खालच्या पावलांकडे बघत. तेवढा एक माणूस असला की नाच जिवंत राहतो.

शाळेत सव्वाशे वर्षं पाश्चात्त्य संगीत शिकवल्यावर जपानला उशिरा जाग आली. 2002 पासून तिथल्या माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक तरी जपानी वाद्य हाती घ्यावं लागतं. कोतो, शामिसेन, बासरी, ढोल, काहीही. हुकमाने जे घालवलं ते हुकमानेच परत आणायचा हा प्रयत्न आहे. महाड-पोलादपूरमध्ये घालवायला हुकूम लागला नाही. इथे खालूबाजातला सनईवाला म्हातारा होतो, मुलगा पुण्याला किंवा सुरतेला कामाला असतो आणि सनई माळ्यावर जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्याचा एक तास या माणसाला दिला, त्याला मानधन दिलं, तर जपानने सव्वाशे वर्षांनी केलं ते आपल्याला आजच करता येईल. बेंजोवाल्यालाही बोलवावं. तोही आता परंपरेचा माणूस आहे.

कधी माणसंच एकाएकी जातात आणि त्यांच्याबरोबर गाणीही जातात. महाड तालुक्यातल्या तळीये गावाचं नाव देशाला कळलं ते 22 जुलै 2021 च्या दरडीने. एका दुपारी कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. अशा वेळी पंचनामा होतो. घरं, गुरं, भांडी, शेती यांची नोंद होते आणि झालीच पाहिजे. गाण्याची वही, पाठ असलेले सवाल-जवाब, गौरीच्या रात्री बायका म्हणत ती गाणी, यांना पंचनाम्यात रकाना नाही. सह्याद्रीच्या पायथ्याची कितीतरी गावं आज धोक्याच्या यादीत आहेत, कितीतरी वाड्या खाली नव्या जागी हलवल्या जात आहेत. नव्या वसाहतीत घर मिळतं, रस्ता मिळतो, नळ मिळतो. फेर धरायला अंगण मिळतं का, हे विचारणारा कुणी असला पाहिजे.

म्हणून ज्यांचं गाव वरंध, बिरवाडी, विन्हेरे, उमरठ, कुठेही या भागात आहे, त्यांना माझं सांगणं आहे. येत्या गौरी-गणपतीला गावी जाल तेव्हा शाहीर, सनईवाला, ढोलकीवाला, बेंजोवाला यांच्यापैकी जो वयाने सगळ्यांत मोठा असेल त्याच्याजवळ तासभर बसा. मोबाइल समोर ठेवा आणि त्याला म्हणू द्या, वाजवू द्या. मिरवणुकीतलं रेकॉर्डिंग नको, त्यात शब्द ऐकू येत नाहीत, पडवीत, शांतपणे. गाण्याच्या आधी त्याचं नाव, गाव, वाडी, कुणाकडून शिकला आणि साल हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. शाहिराची वही असेल तर तिच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. एक प्रत ग्रामस्थ मंडळाकडे द्या, एक मुंबईच्या मंडळाकडे, एक गावच्या शाळेत. आणि बेंजोवाल्याला बिदागी देताना डीजेपेक्षा कमी देऊ नका.